गंधर्वनगरींतील अरबीचे धडे

गेल्या आषाढांत आमचे धाकटे चिरंजीव सहकुटुंब दुबईहून वाशिमास सुटीला आले होते. एके दिवशीं नातीचें दप्तर आवरतांना आमच्या घरांतील मंडळींच्या हातीं, वह्यांच्या तळाशीं चार घड्या घालून दडविलेला एक कागद लागला. ती तिची अरबीची उत्तरपत्रिका होती. शंभरांपैकीं एकोणीस गुण. मुलगी सातव्या इयत्तेंत, इतर सर्व विषयांत पुढें. महिनाभर तिनें तो कागद कोणाला दाखविला नव्हता. आतां बोलणीं बसणार म्हणून ती कोपऱ्यांत उभी राहून रडूं लागली. परंतु चिरंजीव रागावले नाहींत. ते हंसून म्हणाले, "जाऊं द्या, बाबा. तिथं अरबीवांचून कुणाचंच अडत नाहीं."

त्यांचें हें न रागावणेंच आम्हांला अधिक लागलें.

ज्या वाचकांचीं मुलेंबाळें आखाती देशांत आहेत त्यांना ठाऊकच असेल कीं, संयुक्त अरब अमिरातींतील खासगी शाळांतून, मग ती शाळा भारतीय अभ्यासक्रमाची कां असेना, अरबेतर मुलांना नववीपर्यंत अरबी शिकावीच लागते. कायदा आहे, पुस्तकें आहेत, तास आहेत. नाहीं ती फक्त गरज. दुकानदार मलबारी, टॅक्सीवाला पेशावरी, कचेरीची भाषा इंग्रजी, आणि गणेशोत्सवांत भेटणारीं माणसें पुण्यानागपूरचीं! अशा स्थितींत त्या भूमीची भाषा ही गुणपत्रिकेंतील केवळ एक ओळ होऊन बसते. संस्कृताची हीच दशा आम्ही शिक्षकाच्या खुर्चींतून चाळीस वर्षें पाहिली आहे. गुण भरघोस मिळतात म्हणून विषय घ्यावयाचा, आणि परीक्षा आटोपतांच तो गंगार्पण करावयाचा. ज्या देशाचें अन्न आपलीं मुलें खातात त्याच्या भाषेविषयीं घरांत इतकी बेफिकिरी असावी, हें आमच्या मास्तरकीला रुचेना. आम्ही नातीला जवळ बोलाविलें व म्हटलें, "पुस्तक आण. आजपासून आम्हीहि तुझ्याबरोबर बसतों."

बसलों खरे, पण आठ दिवसांत थकलों. एकच अक्षर शब्दाच्या आरंभीं एक रूप घेतें, मध्यें दुसरें, शेवटीं तिसरें. डोळे उजवीकडून डावीकडे जावयास तयार होत नाहींत. पुस्तकांतील वाक्यें 'हें दार आहे, ही खिडकी आहे' अशा थाटाचीं. शेवटीं आमची ही धडपड पाहून मोठा नातू, जो अभियांत्रिकीच्या वर्गांत शिकतो, म्हणाला, "आजोबा, पुस्तकानं नाहीं व्हायचं. चला, तुम्हांला बगदादला नेतों."

ज्यांनीं हीं आभासी जगें पाहिलीं नसतील त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. चित्रपट आपण बाहेर बसून पाहतों. येथें पाहणारा आंत शिरतो. हातांतील कळ दाबली कीं तो चालतो, वळतो, जिना चढतो, समोरच्या माणसापुढें उभा राहतो, आणि तें स्थळ त्याच्या चालण्याबोलण्याप्रमाणें त्याला उत्तर देतें. कांहीं जगें साध्या पडद्यावर दिसतात, तर कांहींसाठीं डोळ्यांवर एक जाड चष्मा चढवावा लागतो. मग मान फिरवाल तिकडे तेंच जग. आमच्या कवींना 'गंधर्वनगर' हा शब्द फार पूर्वींपासून ठाऊक आहे: आकाशांत दिसणारें, आणि जवळ जातां नाहींसें होणारें नगर. योगायोग असा कीं, नातवाच्या खेळाचें नांवहि 'मिराज', म्हणजे मृगजळच आहे. 'असॅसिन्स क्रीड मिराज' हा खेळ युबिसॉफ्ट नांवाच्या फ्रेंच कंपनीनें २०२३ च्या ऑक्टोबरांत काढला, आणि त्यांत नवव्या शतकांतील बगदाद शहर गल्लीबोळांसह उभें केलें आहे.

अशा जगांतून भाषा व चालीरीति शिकविण्याचा उद्योग त्याच्याहि आधींचा आहे. २००३ सालीं अमेरिकेंत निघालेल्या 'सेकंड लाइफ' या आभासी जगांत हौशी मंडळींनीं ग्रॅनाडा येथील अलहंब्रा राजवाड्याची प्रतिकृति उभारून तेथें बैठकी भरविल्या. त्याच दशकांत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांत 'टॅक्टिकल इराकी' नांवाचा खेळ तयार झाला. तो इराकांत जाणाऱ्या अमेरिकन सैनिकांसाठीं होता. त्यांत शिकणाऱ्यानें आभासी गांवकऱ्यांशीं अरबींत बोलावयाचें. नमस्कार करतांना उजवा हात छातीवर ठेवला, विचारपूस रीतीनें केली, तर त्यांचा विश्वास वाढतो. उर्मटपणा केला तर तो घटतो, आणि काम अडतें. परक्याच्या घरांत बंदूक घेऊन शिरणाऱ्यास शिष्टाचार शिकवावा लागला, याचें हंसूं यावें कीं रडूं यावें, हें आम्हांला अद्यापि उमगलें नाहीं. तथापि केवळ शब्द पाठ करून भाषा येत नाहीं, हात कोठें ठेवावा हेंहि शिकावें लागतें, एवढें त्या लष्करी मंडळींना आमच्या शिक्षणखात्याच्या आधीं कळलें, हें कबूल करणें भाग आहे.

असो. नातवाचा खेळ खुनाचा आहे, हेंहि सांगितलेलें बरें. नायक मारेकरी, खेळ प्रौढांपुरताच म्हणून नोंदलेला. तेव्हां धाकटीला तो दाखवूं नये असें सूनबाईंचें म्हणणें पडलें, आणि तें वाजवीच होतें. शेवटीं तह झाला तो असा कीं, शस्त्र उपसावयाचें नाहीं, कोणावर चालून जावयाचें नाहीं, केवळ फिरावयाचें; आणि सर्व संभाषण अरबींत ठेवावयाचें. नातू कुरकुरला, "मग, आजोबा, खेळायचं काय?" आम्ही म्हटलें, "यात्रेला निघालेला माणूस काय खेळतो?"

बाहेर पाऊस कोसळत होता, वीज दोनदां जाऊन आली होती, आणि आमच्या माजघरांतील पडद्यावर खलिफा मन्सूरचें वर्तुळाकार नगर उभें होतें. इ. स. ७६२ मध्यें वसविलेल्या त्या गोल नगराचा जमिनीवर आज मागमूसहि दिसत नाहीं. तें आधींच ढासळत आलें होतें, आणि १२५८ सालीं मंगोलांनीं राजधानीचीच धूळधाण केली. म्हणजे जेथें कोणत्याहि तिकिटानें पोंचतां येत नाहीं, तेथें जावयाचें तर गंधर्वनगराच्याच वाटेनें! आम्ही बाजारांतून हिंडलों, कालव्यांच्या कांठीं उभे राहिलों. एखाद्या महत्त्वाच्या स्थळीं गेलें कीं त्याची माहिती पुढें येते. तिच्यासाठीं पॅरिस येथील अरब जगताच्या संस्थेचें साहाय्य घेतलेलें आहे. पात्रें जी अरबी बोलतात ती ग्रांथिक, आमच्या संस्कृत नाटकांतील राजासारखी. दुबईच्या रस्त्यावर ती तशी ऐकूं येत नाहीं. तेथें खलिजी बोली चालते, आणि ग्रांथिक भाषेशीं तिचें नातें संस्कृताशीं प्राकृताचें असावें तसें आहे. परंतु शाळेच्या पुस्तकांतली अरबी ग्रांथिकच असल्यामुळें नातीच्या कानांना हा लाभच झाला. ती मधूनच ओरडे, "हा शब्द मला माहीत आहे!" आणि आम्हीहि मधूनच ओरडत होतों, कारण 'खबर', 'हक्क', 'किताब', 'वख्त' हे आमच्याहि ओळखीचे निघाले.

सर्वांत अधिक वेळ आम्ही थांबलों तो ज्ञानगृहापाशीं, ज्याला अरबींत 'बैतुल हिक्मा' म्हणतात. मुलांना तेथील पोथ्यांचे कपाट दाखवून आम्ही सांगितलें कीं, या शहरांत इ. स. ७७० च्या सुमारास भारतांतून ज्योतिषाचा सिद्धांतग्रंथ आला, व तो 'सिंधहिंद' या नांवानें अरबींत उतरला. कीं येथल्या बर्मकी वजिरांचें कुलनाम 'प्रमुख' या संस्कृत शब्दापासून आलें असें विद्वान् मानतात, कारण त्यांचे पूर्वज बल्ख येथील नवविहाराचे प्रमुख होते. कीं त्यांच्यापैकीं यह्या या वजिराच्या आज्ञेनें मंका नांवाच्या भारतीय वैद्यानें सुश्रुताचा ग्रंथ अरबींत आणला. मंका आम्हांला पडद्यावर भेटला नाहीं. पण आपले अंक ज्या वाटेनें युरोपास गेले त्या वाटेवर आपण उभे आहोंत, अरब ज्यांना 'हिंदी' म्हणत आले त्यांनाच युरोपीय 'अरबी' म्हणूं लागले, हें सांगतांना आमचा आवाज शाळेंतल्यासारखा चढला असावा. कारण घरांतील मंडळी स्वयंपाकघरांतून पाहावयास आल्या.

आणखी एक गंमत. या खेळाच्या नायकाचें नांव 'बासिम'. नातीनें शब्दसंग्रह चाळून सांगितलें, "बासिम म्हणजे हसरा." आम्ही चकितच झालों. ऐने-अकबरींत वऱ्हाडच्या सुभ्यांत जें 'बासिम' सरकार येतें तें हेंच आमचें वाशीम. इंग्रजी अमदानींत १९०५ पर्यंत हा स्वतंत्र 'बासिम' जिल्हा होता, आणि पुढें १ जुलै १९९८ रोजीं तो अकोल्यापासून निघून वाशीम या नांवानें पुन्हा झाला. अर्थात् या दोन नांवांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. वाशीम हें वत्सगुल्माचें रूप आहे. राजशेखरानें काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा गांधर्वविवाह लावला तो याच नगरांत. परंतु त्या दिवसापासून आमच्या नातीच्या लेखीं तिचें आजोळ 'हसरें गांव' झालें—आजोळ कसलें, आजोबांचें घर. पण मुलें सुटीच्या घराला आजोळच म्हणतात.

यानंतरची गोष्ट अंकांची. ती संध्याकाळीं ओसरीवर पाठ करीत बसली होती: "वाहिद, इस्नान, सलासा, अर्बआ, खम्सा, सित्ता..." आम्ही पान लावतां लावतां सहज पुढें म्हणालों, "सबा, समान, तिसा, अशर." तिचे डोळे विस्फारले. "आजोबा, तुम्हांला अरबी येते?" वास्तविक आम्हांला येत होती ती मोडी. मोडी कागदांचा ज्यांना परिचय आहे ते जाणतात कीं, मराठेशाहींत शुहूर सनाचीं वर्षें अरबी शब्दांनींच लिहिलीं जात. पानिपतावर भाऊसाहेब पडले तेव्हां आपल्या लेखी 'इहिदे सितैन मया व अलफ' चालू होतें: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१, त्यांत सहाशें मिळविले कीं १७६१. हें वर्ष सूर्य मृग नक्षत्रांत शिरतांच बदलतें, म्हणून त्याला मृगसाल असेंहि म्हणतात. वऱ्हाडच्या कुणब्याला मृग आणि अरबी अंक यांची गांठ पडली आहे हें सांगितलें तर तो हंसेल. पण गांठ पडली आहे खरी. आम्ही तिला दाखविलें कीं, अरब आधीं एकं म्हणतो, मग दहं. आणि आपणहि 'एकसष्ट' म्हणतांना एक आधीं, साठ मागून म्हणतों. इंग्रजीच्या उलट रीतीनें गोंधळलेली ती पोर तेथें जी सुटली, ती तासाभरांत नव्याण्णवपर्यंत जाऊन आली. एकोणीस गुणांचा कागद दडविणारी मुलगी ती हीच का, असें आम्हांला वाटलें.

मग चष्म्याची पाळी आली. त्यांत एक शिकवणीचा खेळ होता. चष्मा चढविला कीं आपण दुकानांत उभे; समोर दाढीवाला दुकानदार; तो विचारणार, आपण उत्तर द्यावयाचें, आणि यंत्र उच्चार तपासून हिरवा किंवा तांबडा दिवा दाखविणार. म्हातारपणीं असा चष्मा घालून हवेंत हात हालविणारा मनुष्य कसा दिसत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. शेजारच्या मुलांनीं खिडकींत गर्दी केली होती. आम्ही मोठ्या ऐटीनें म्हटलें, "शुक्रन मिन कल्बी"—मनापासून आभारी आहें. हिरवा दिवा लागला. पुन्हा म्हटलें, पुन्हा हिरवा. आम्ही कृतार्थ झालों.

आम्ही ज्या शाळेंत होतों तिच्या भिंतीला लागूनच उर्दू शाळा आहे. तेथील एक शिक्षक, आतां तेहि निवृत्त, आमच्याहून दोनतीन वर्षांनीं वडील. त्यांना सारे मास्तरसाहेब म्हणतात. आमची ओळख तीस वर्षांची. ईदेला त्यांच्याकडून शीरखुर्मा येतो, दिवाळींत आमच्याकडून फराळ जातो. त्या आठवड्यांत ते चिरंजिवांना भेटावयास आले असतां नातीनें आमचा पराक्रम त्यांना सांगितला. त्यांनीं तें वाक्य आमच्याकडून म्हणवून घेतलें, आणि रुमाल तोंडाला लावून ते इतके हंसले कीं आम्हांला पाणी आणावें लागलें. "गुरुजी," ते म्हणाले, "तुम्ही त्या दुकानदाराचे आभार आपल्या कुत्र्याच्या वतीनं मानलेत."

प्रकार असा आहे. अरबींत दोन ककार आहेत. एक आपला साधा. दुसरा पडजिभेपाशीं उमटणारा. त्या खोल ककाराचें 'कल्ब' म्हणजे हृदय, आणि साध्या ककाराचें 'कल्ब' म्हणजे कुत्रा. यंत्राला दोन्ही चालले! मास्तरसाहेबांनीं आमचा हात स्वतःच्या कंठावर ठेवून तो वर्ण उच्चारून दाखविला. मग 'ऐन' दाखविला, जो त्याहिपेक्षां खालून, घशाच्या तळांतून येतो. ते म्हणाले, "याला आम्ही मखरज म्हणतों. कुठून निघतं ती जागा." आम्ही म्हटलें, "आम्ही स्थान म्हणतों." ज्या मनुष्यानें आयुष्यभर मुलांकडून कंठ, तालु, मूर्धा घोटून घेतलें, त्याला आपल्या शाळेच्या भिंतीपलीकडे तेंच शास्त्र दुसऱ्या नांवानें घोटलें जात आहे याचा पत्ता नसावा! पुढें वाचनांत आलें कीं, आठव्या शतकांत बसऱ्याच्या खलीलनें अरबीचा पहिला मोठा कोश रचला तो वर्णांच्या उच्चारस्थानांच्या क्रमानें, कंठाच्या तळापासून ओठांपर्यंत, आणि पहिला वर्ण 'ऐन' म्हणून कोशाचें नांवच 'किताबुल ऐन' ठेवलें. आपली वर्णमाला कंठापासून ओठांकडे येते ती याच रीतीनें.

मराठीनें मात्र हे सारे कंठ्य खडे घांसून गुळगुळीत केले. अक्कल, अर्ज, इमारत यांच्या आरंभींचा ऐन गेला. कलम, हक्क, अक्कल यांतील खोल ककार साधा झाला. येथें आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या सुमारास सिद्ध झालेला राज्यव्यवहारकोश हा आमचा आदर्श. कारभारांतील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा तो ग्रंथ वर्गांत दाखवून आम्ही कितीतरी मुलांचे निबंध तांबड्या शाईनें रंगविले. 'हजर' खोडून 'उपस्थित', 'मदत' खोडून 'साहाय्य'. त्या कोशाविषयींचा आमचा आदर आजहि तिळमात्र कमी झालेला नाहीं. परंतु नातीनें शाळेंत शिकविलेली त्रिवर्णी धातूंची पद्धत समजावून दिली, आणि धातु म्हटल्यावर आमच्यांतला वैयाकरण स्वस्थ बसेना. ह-स-ल या एका धातूपासून तहसील निघतें, महसूल निघतो, आणि 'त्यांत काय हशील?' हें आमच्या आजीच्या तोंडचें वाक्यहि निघतें. ज-म-अ पासून जमा, जमात, जुम्मा. आणि मग तो पुढें गेला तो थेट पंक्तींत येऊन बसला: जमेनीस, मुजुमदार, हसबनीस, फडणीस! या आडनांवांचें पुच्छ फारसी, परंतु मस्तक जमा, मजमूआ, हिसाब, फर्द असें अरबी. सोंवळें नेसून बसलेल्या किती घरांच्या दारावर ही भाषा पाटी होऊन बसली आहे हें आम्ही साठी उलटल्यावर पाहिलें. माधव ज्यूलियनांचा फारशी-मराठी कोश १९२५ पासून उपलब्ध आहे. तो आमच्याच शाळेच्या कपाटांत होता, आणि त्याचीं पानें आम्ही कधीं उलटलीं नव्हतीं.

नातीनें हट्ट करून मास्तरसाहेबांनाहि चष्मा घातला. दुकानदारानें सलाम केला. त्यांनीं पूर्ण, स्वच्छ उच्चारांत प्रतिसलाम केला, आणि संवयीनें हात पुढें केला. तो हात हवेंतच राहिला. क्षणभर कोणी बोललें नाहीं. दुकानदारानें कांहीं विचारलें, तें त्यांना समजलें नाहीं, चष्मा काढून ते म्हणाले, "गुरुजी, आम्ही लहानपणीं कुराणशरीफ कानानं शिकलों. अरबींत चहा मागायची वेळ आमच्यावर कधीं आलीच नाहीं." आम्हांला आमचे घनपाठी आठवले, ज्यांना स्वर चुकलेला कळतो आणि अर्थ विचारला तर ते हात जोडतात. मग नातीनें दोघां म्हाताऱ्यांना चहा कसा मागावा तें शिकविलें. मास्तरसाहेबांचा उच्चार निर्दोष, आमचें व्याकरण बरें, आणि वाक्य मात्र तिचें.

श्रावण लागतांना मंडळी परत गेलीं. चष्मा नातवानें येथेंच ठेवला आहे. त्यांतून लिवाचें वाळवंटहि पाहतां येतें. गूगल कंपनीनें २०१४ सालीं उंटाच्या पाठीवर कॅमेरा बांधून तेथील वाळूचे डोंगर टिपले आहेत. आम्ही तें एकदां पाहिलें, आणि चक्कर आली म्हणून ठेवून दिलें. नातीच्या पहिल्या चांचणीचे गुण दूरध्वनीवरून कळले: त्रेचाळीस. तिनें ते स्वतःच सांगितले.

मास्तरसाहेब आतां दोनतीन दिवसांनीं संध्याकाळीं ओसरीवर येतात. आम्ही अरबी वाचतों, ते चुका काढतात. मागील महिन्यांत एकदां पुस्तक मिटल्यावर ते थोडे घुटमळले व म्हणाले, "गुरुजी, एक विचारूं का? किती वर्षांपासून मनांत आहे." आणि डोळे मिटून त्यांनीं म्हणावयास आरंभ केला: "रामः रामौ रामाः, रामम् रामौ रामान्, रामेण रामाभ्याम् रामैः..." सप्तमीपर्यंत ते न अडखळतां गेले; पंचमींत तेवढी एक चूक झाली. आमचा वर्ग भिंतीला लागून होता. आमचीं मुलें ओरडत, आणि पलीकडे त्यांचा तास चाले.

"हें पाठ आहे," ते म्हणाले, "पण हें काय आहे तें माहीत नाहीं. हें मधलं रामौ काय?"

आम्ही सांगितलें, "दोघे असले म्हणजे."

"दोघांसाठीं वेगळं रूप?" त्यांनीं बोटें मोजलीं. "किताब, किताबान, कुतुब. आमच्यांतहि आहे."

दुसऱ्या दिवशीं ते आले तेव्हां त्यांच्या हातांत शंभर पानी वही होती.